ऑर्डर सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावर प्री-ऑथ (बँकेची मंजुरी घेऊन रक्कम नुसती अडकवून ठेवणं, म्हणजेच होल्ड) कधी घ्यावं, ऑर्डर सेव्ह करताना की माल निघताना?

सेव्ह करताना अजिबात नको. माल गोदामात हजर आहे आणि पिकिंग स्लिप (गोदामातून काढायच्या मालाची यादी) छापली जातेय, तेव्हा घ्या.

ठामपणे सांगतोय, कारण यावरून मी भरपूर बोलणी खाल्लीत. न्यू जर्सीत हॉटेलांना यंत्रं पुरवणाऱ्या एका घाऊक विक्रेत्याकडे मी ऑर्डरचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. विक्रीवाल्या साहेबांचा हट्ट, ऑर्डर सेव्ह झाली की कार्डावर रक्कम अडकलीच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक निसटतं. मी म्हणायचो, अहो, सेव्ह झाली म्हणजे ऑर्डर पक्की झाली असं थोडंच असतं? सेटिंग बदलायला लावलंच.

एका शनिवारी सकाळी फोन. छोट्या हॉटेलाचा मालक, तेलाचे डबे आणि पिठाची पोती घेऊन होलसेल दुकानात बिलाच्या रांगेत उभा, आणि कार्ड चालेना. मागे लोक ताटकळलेले. त्याने आमच्याकडे एक फ्रीज आणि दोन फ्रायर सांगितले होते, 3,180 डॉलर. मग वाहतूक वाढली, 3,342. मग एका फ्रायरचं मॉडेल बदललं, 3,295. दर वेळी काउंटरवरच्या पोराने ऑर्डर उघडून सेव्ह केली, दर वेळी नवी मंजुरी आली, जुनी कुणी रद्दच केली नाही. स्क्रीनवर तीन हिरव्या ओळी, तीन वेगळे मंजुरी कोड. 9,817 डॉलर अडकलेले, आणि त्याची मर्यादा 10,000. फ्रीज तर कारखान्यातून निघालाही नव्हता!

साहेब काय म्हणाले? "सॉफ्टवेअर कोण बघतं?"

असो, तुमचं. होल्ड किती दिवस टिकतो हे कार्ड आणि बँकेवर आहे. आठवडाभराच्या पुढे भरवसा ठेवू नका. म्हणजे तीन आठवड्यांनी येणाऱ्या मालासाठी आज होल्ड घेऊन उपयोग शून्य. रक्कम बदलली की आधी जुन्याचं रिव्हर्सल, म्हणजे तो रद्द करून रक्कम मोकळी करणं, मग नवा. ग्राहकाने दिलेला पत्ता बँकेकडच्या पत्त्याशी जुळला नाही म्हणून तुम्ही ऑर्डर नाकारलीत, तरी बँकेने मंजुरी दिलेली असेल तर तो होल्ड कार्डावर बसूनच राहतो. आमच्याकडे हे कुणाच्या गावीही नव्हतं. माल दोन खेपांत जाणार असेल तर बऱ्याच गेटवेंवर (कार्डाचे व्यवहार बँकेपर्यंत नेणाऱ्या सेवांवर) एका मंजुरीवर एकदाच कॅप्चर होतं, म्हणजे अडकलेली रक्कम एकदाच वसूल करता येते; दुसऱ्या खेपेला टोकनवर (कार्ड नंबराऐवजी साठवलेल्या कोडवर) नवी मंजुरी घ्या.

साहेबांचा लाडका दाखला पेट्रोल पंपाचा. "ते नाही का आधीच 175 डॉलरपर्यंत अडकवत?" अडकवतात की. पण पेट्रोल पाच मिनिटांत टाकीत असतं. आमचा फ्रीज?

हां, खास बनवून घ्यायचा माल असेल तर आधी पैसे हवेतच, पण तिथे सरळ आगाऊ रक्कम घ्या, होल्डचा खेळ नको. डेबिट कार्ड असेल तर आणखी जपा, खात्यातला पैसाच अडकतो. आणि भारतातून विचारत असाल तर ‘नवी मंजुरी घ्या’ हे इतकं सोपं नाही, ऑनलाइनला ग्राहकाकडून पुन्हा ओटीपीसारखी खातरजमा करून घ्यावी लागेल. तिथे तर उशिराच घेतलेलं बरं.

ते सेटिंग पुढे पिकिंगवर आणलं म्हणे. मी नोकरी सोडल्यावर.