प्रवासाचे प्रश्न : मोटरहोम घेऊन समुद्र ओलांडताना

प्रश्न : आम्ही विलेपार्ल्याचे पती-पत्नी, वय अनुक्रमे ६६ आणि ६१. मुलगी, जावई आणि दोन नातवंडे इंग्लंडमध्ये रेडिंगला असतात. येत्या जूनमध्ये तिथे मोटरहोम (झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन सहा जणांनी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तर स्पेनपर्यंत जायचे आणि सोळा दिवसांत परतायचे, असा बेत आहे. जावयांच्या मते इंग्लंडमधल्या डोव्हरहून फ्रान्समधल्या कॅलेला जाणारी दीड तासाची फेरी (गाड्या नेणारी बोट) सर्वांत स्वस्त पडते. मुलगी म्हणते, पोर्ट्समथहून बोटीने थेट स्पेनमधल्या सांतांदेरला जावे. माझ्या पत्नीला बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोमध्येही तिला त्रास झाला होता. आम्ही कोणता मार्ग घ्यावा? काही अंतर गाडी मीही चालवावी म्हणतो.

उत्तर : जावई तिकिटाचा खर्च पाहत आहेत आणि मुलगी रस्त्याचा त्रास वाचवू पाहत आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. पण ज्या बोटीने जायचे तिनेच परत यायचे, असे दोघांनीही धरून चाललेले दिसते. तसे काही बंधन नाही आणि आपल्या बेताला ते सोयीचेही नाही.

आधी डोव्हरचा हिशेब पाहू. रेडिंगहून डोव्हर जवळपास १९० किलोमीटर, तर पोर्ट्समथ सुमारे १०० किलोमीटर आहे. कॅलेला उतरल्यावर स्पेनच्या सीमेवरचे सान सेबास्तियान हजार किलोमीटरहून दूर राहते आणि परतीला तेवढेच अंतर पुन्हा कापावे लागते. फ्रान्समधील महामार्गांवर टोलही भरावा लागतो, आणि तिथे मोटरहोमची वर्गवारी उंचीवर व वजनावर ठरते : उंची दोन ते तीन मीटर आणि वजन साडेतीन टनांपर्यंत असेल, तर दुसरा वर्ग, उंची तीन मीटर किंवा त्याहून अधिक भरली, की तिसरा. छपरावर बसवलेल्या वातानुकूलन यंत्रामुळे किंवा डिश अँटेनामुळे गाडी जेमतेम तीन मीटरची रेघ ओलांडते आणि साऱ्या रस्त्याचा टोल वाढतो. इंधन, टोल आणि वाटेतल्या मुक्कामांचे भाडे मिळवले, म्हणजे फेरीच्या तिकिटात वाचलेले पैसे कुठे गेले ते समजते. शिवाय सोळा दिवसांतले चार दिवस निव्वळ चाकावर जातील, ते वेगळेच.

म्हणून माझी शिफारस अशी : जाताना पोर्ट्समथहून फ्रान्समधल्या सॅं-मालोची रात्रीची फेरी घ्यावी आणि येताना सांतांदेर किंवा बिल्बाओहून थेट पोर्ट्समथला यावे. सॅं-मालोची फेरी संध्याकाळी सुटून सकाळी पोहोचते, त्यामुळे केबिनमध्ये झोप होते आणि एका रात्रीचे कॅम्पसाइटचे भाडे वाचते. उतरल्यावर मॉं-सॅं-मिशेल हा समुद्रातल्या खडकावरचा जुना मठ तासाभराच्या अंतरावर आहे. तिथून ला रोशेल, बोर्दो, आर्काशोंजवळची शंभर मीटरहून उंच पिलाची वाळूची टेकडी आणि बियारिट्झ असे करत दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यांनी आपण स्पेनमध्ये शिरता. जो रस्ता पाहण्यासाठी जायचे आहे तो एकदाच आणि एकाच दिशेने होतो, आणि परतीचा कंटाळवाणा भाग बोट उचलते. वयाची साठी ओलांडलेल्या आणि लहान मुलांसह निघालेल्या कुटुंबाला ही गोष्ट थोड्या पैशांपेक्षा मोलाची वाटेल, असे मी समजतो.

आता प्रश्न राहतो तो आपल्या पत्नीचा, कारण स्पेनहून पोर्ट्समथला यायला २८ ते ३३ तासांच्या आसपास लागतात आणि बोट बिस्केच्या उपसागरातून येते. हा उपसागर बदनाम आहे, आणि ते अकारण नाही : अटलांटिकवरून दूरवरून आलेल्या लाटा इथे खोल समुद्रातून एकदम उथळ तळावर चढतात आणि उंच होतात. पण हिवाळ्यातला बिस्के आणि जूनमधला बिस्के यांत पुष्कळ फरक आहे. उन्हाळ्यात तो बहुधा शांत असतो, आणि याच खोल पाण्यात डेकवरून देवमासेही दिसतात, त्यासाठी हौशी लोक मुद्दाम हा मार्ग घेतात. मांडव्याच्या अनुभवावरूनही निराश होऊ नये. या मार्गावरची जहाजे फार मोठी असतात आणि डोलणे कमी करण्यासाठी त्यांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी पाती बसवलेली असतात. केबिन निवडताना शक्यतो खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाची घ्यावी, कारण तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. औषध डॉक्टरांना विचारून बोटीवर चढण्यापूर्वीच घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो. तिकीट मात्र तारीख व मार्ग बदलता येईल असेच घ्यावे. जातानाची रात्र त्यांना जड गेली, तर परतीला कॉंजवळच्या विस्त्रआम बंदराहून पोर्ट्समथची दिवसाची फेरी घेता येईल. ती सुमारे सहा तासांची आहे, पण त्यासाठी सान सेबास्तियानहून आठशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकावी लागेल, हे आताच जावयांच्या कानावर घालून ठेवावे.

बोटच नको म्हणून समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेवर गाडी चढवून जाणारेही बरेच आहेत. फोकस्टन ते कॅले पस्तीस मिनिटांत होते, परंतु कॅलेनंतरचा रस्ता तोच. शिवाय एलपीजीवर चालणारे वाहन तिथे घेत नाहीत. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी चालते, पण ती आधी सांगावी लागते आणि बंद ठेवावी लागते.

आरक्षणापूर्वी गाडीचे माप भाड्याच्या कंपनीकडून लेखी मागवून घ्यावे. फेरीचे भाडे लांबी आणि उंचीवर ठरते, आणि ही लांबी माहितीपत्रकात छापलेली नसून पुढच्या बंपरपासून मागच्या सायकल-स्टँडवरच्या शेवटच्या सायकलीच्या हँडलपर्यंतची असते. दोन सायकली मागे लावल्या, की सात मीटरची गाडी आठच्या घरात जाते. बंदरावर फूटपट्टी लावली गेली, तर जादा पैसे भरावे लागतात आणि बोट भरलेली असेल, तर जागाही नाकारली जाऊ शकते. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट विचारावी : सीट-बेल्टसह बसण्याच्या जागा किती आहेत? सहा जणांना झोपता येते म्हणून सहा जणांना कायदेशीरपणे बसता येतेच असे नाही, आणि हा घोटाळा गाडी ताब्यात घेताना उघड झाला तर काहीच हातात राहत नाही.

आपल्याला गाडी चालवायची असेल, तर ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर पाहुण्यांना बारा महिन्यांपर्यंत साडेतीन टनांपर्यंतचे वाहन चालवता येते. फ्रान्स आणि स्पेनसाठी अंधेरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो वर्षभर चालतो. भाड्याच्या कंपन्या चालकाच्या वयावर वरची मर्यादा घालतात, तीही विचारावी. गाडी परदेशी नेण्याची परवानगी आणि त्यासाठीचे ‘व्हीई १०३’ हे प्रमाणपत्र कंपनीकडून घेतल्याशिवाय निघू नये. मागे ‘यूके’ची खूण हवी, जुनी ‘जीबी’ची खूण २०२१च्या सप्टेंबरपासून चालत नाही. पलीकडे गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि चालकाचे आसनही उजवीकडेच, त्यामुळे ट्रक ओलांडताना समोरचे दिसत नाही. शेजारी बसणाऱ्याने डोळे उघडे ठेवून सांगत राहावे लागते. पहिल्या दिवशी गाडी चालवण्याचे काम जावयांवरच सोपवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिसाचा भाग मुंबईकरांना सर्वांत जास्त नडतो. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये उतरता येत नाही. शेंगेन व्हिसा (फ्रान्स-स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) स्वतंत्र लागतो, आणि तो ज्या देशात सर्वाधिक रात्री घालवणार त्या देशाकडे मागायचा असतो. रात्री सारख्याच भरत असतील, तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. आपण दोघे मुंबईतून अर्ज कराल. मुलगी-जावयांची पारपत्रे भारतीय असतील, तर ते ब्रिटनमधून करतील. दोन्ही अर्जांतल्या फेरीच्या तारखा आणि मुक्काम एकमेकांशी जुळले पाहिजेत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेणारी युरोपची नवी नोंद-पद्धत ऑक्टोबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. डोव्हरला ही फ्रेंच तपासणी बोटीत चढण्यापूर्वीच होते. पोर्ट्समथहून गेल्यास ती सॅं-मालोला उतरल्यावर होईल, तेव्हा पहिल्या सकाळी रांगेसाठी वेळ धरावा आणि मॉं-सॅं-मिशेलचे ठरावीक वेळेचे तिकीट त्या दिवसाचे काढू नये.

प्रश्न : बोटीवर आपल्याच मोटरहोममध्ये झोपता येत असेल, तर केबिनचा खर्च कशाला? (गिरगाव)

उत्तर : इंग्लिश खाडीत आणि बिस्केवर झोपता येत नाही. बोट सुटली की वाहनांचा मजला बंद होतो आणि सर्वांना वर जावे लागते. गॅसची झडप बंद करावी, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी, चोरीचा भोंगा बंद करावा (नाहीतर तो रात्रभर लाटांवर वाजतो) आणि रात्रीचे कपडे, औषधे व पारपत्रे एका पिशवीत घेऊनच वर जावे. आपण म्हणता ती सोय इटलीतील अंकोना वगैरे बंदरांहून ग्रीसला जाणाऱ्या काही बोटींवर साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मिळते : उघड्या डेकवर गाडी लावतात, विजेची जोडणी देतात आणि आपण आपल्या बिछान्यात झोपतो. तिची आरक्षणे लवकर संपतात.

प्रश्न : इंग्लंडहून फ्रान्सला मोटरहोमने जाताना घरचे तूप, लाडू, भाजणी आणि मसाले बरोबर नेले तर चालतात का? (मुलुंड)

उत्तर : मसाले, मेतकूट, भाजणी, पोहे आणि डाळी यांना अडचण येत नाही. दुधाचे आणि मांसाचे कोणतेही पदार्थ मात्र जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, पेढे, श्रीखंड आणि अर्थातच तुपातले लाडूही नाहीत. ताज्या फळा-भाज्यांना प्रमाणपत्र लागते. अपवाद केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन यांचा आहे. कढीपत्ता मुळीच नेऊ नये. निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून तूप-लोणी फ्रान्समध्ये सुपरमार्केटात घ्यावे. तिथले लोणी कढवून उत्तम तूप होते. परतीलाही हाच नियम उलट्या दिशेने लागू आहे : एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये वैयक्तिक वापरासाठी गाय, डुक्कर, मेंढी व शेळी यांचे मांस, दूध आणि चीज आणण्यास बंदी आहे, तेव्हा स्पेनमधले चीज बोटीत चढण्यापूर्वीच संपवावे.