रस्त्यावर सापडलेलं कासव घरी पाळता येईल का?

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे, मोठ्या पावसानंतर रस्त्यावर वीतभर कासव सापडलं, बोट लावलं की पूर्ण मिटतं, सध्या बादलीत आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक आपलं नेहमीचं पाणकासव, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा.

खात्री करायची तर मागच्या बाजूने पोटाखाली बघा. मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत ओढले की त्या मिटतात आणि पाय दिसेनासे होतात. पोटाचा पुढचा भागही वर उचलून डोकं झाकतो. पाठीवर खवले नसतात, नुसती गुळगुळीत कातडी. नाक नळीसारखं पुढं आलेलं आणि प्रत्येक पायाला नखं तीनच. उत्तरेकडच्या पाणकासवांच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडची साधी तपकिरी-हिरवट. फार तर फूटभर, क्वचित थोडी जास्त वाढतात. उचलताना मात्र पाठीच्या मागच्या कडेला धरा, मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते आणि चावा जोरात बसतो.

रस्त्यावर आलं म्हणून वाट चुकलंय असं समजू नका. उन्हाळ्यात तळी, ओढे, शेतातली डबकी आटली की हे ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि खाणं-पिणं सोडून महिनोन् महिने पडून राहतं. पाऊस लागला की निघतं दुसऱ्या पाण्याकडे, भातखाचरातून, उसाच्या सरीतून, मध्ये रस्ता आला तर त्यावरून. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, सगळं चालतं. ओढ्यातली घाण फुकटात साफ करणारा प्राणी आहे हा.

पाळायचं मात्र अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं. घरात कासव असलं की भरभराट होते म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना अंबाबाईच्या देवळातला कासव चौक दाखवा, नमस्कार तिथं करता येतो.

आज संध्याकाळीच जिथं सापडलं तिथल्या जवळच्या ओढ्याकाठी सोडा, ज्या बाजूला चाललं होतं त्याच बाजूला. मुद्दाम रंकाळ्यात नेऊ नका. जखम असेल तर वन विभागाला १९२६ वर फोन लावा.

एकच अपवाद. पाठ टणक आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते दुकानातून आणून कुणीतरी सोडलेलं अमेरिकन कासव आहे. ते कुठल्याच पाण्यात सोडू नका, त्यासाठीही वन विभागालाच विचारा.