लैंगिकतेबद्दल बोललं तर मुलाच्या डोक्यात नको ते भरेल का?

"मॅडम, मीच विषय काढला तर त्याच्या डोक्यात नको ते भरेल ना?" १३ वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा हल्ली रात्री उठून गुपचूप चादर धुवायचा, खेळायला जाणं त्याने बंद केलं होतं आणि त्याच्या मोबाइलच्या सर्च हिस्टरीत तिला 'तसले' शब्द दिसले होते.

मुलाशी मी एकट्याशीच बोलले. "इथलं आईला काय सांगायचं ते तू ठरव. पण कुणी तुला त्रास देत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर मला सांगावंच लागेल," हे आधीच स्पष्ट केलं. मग म्हटलं, "तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना झोपेत वीर्यस्खलन होतं. त्याबद्दल तू काय ऐकलंयस?" तो बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. मग एका दमात सगळं बाहेर आलं. मित्राने सांगितलं होतं, एका व्हिडिओतही होतं, की असं होत राहिलं तर अंगातली ताकद जाते, पुढे मूल होत नाही. उरलेली ताकद वाचवायची म्हणून खेळ बंद!

एवढ्याशा पोराने ही धास्ती एकट्याने उराशी बाळगावी, याचं मला फार वाईट वाटतं. वयात येताना हे होणं अगदी स्वाभाविक आहे, शुक्राणू शरीरात सतत तयार होत असतात, त्याने अशक्तपणा येत नाही, हे मी त्याला समजावलं.

त्याच्या परवानगीने आईला सांगितलं, "नको ते आधीच भरलंय, तेही चुकीचं." युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही अनेक अभ्यासांच्या आधारे म्हटलंय की लैंगिकता शिक्षणाने मुलांमधले लैंगिक संबंध वाढत नाहीत. मी तिला एवढंच सुचवलं, की समोर बसवून भाषण नको. कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना बोला. आधी त्याला काय माहीत आहे ते विचारा. उत्तर येत नसेल तर "शोधून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मुलगा पुन्हा खेळायला जात होता. अश्लील व्हिडिओंमधलं खरं असतं का, असं त्याने आपणहून तिला विचारलं होतं. त्यातले लोक अभिनय करतात, एवढं तिने सांगितलं. संमतीबद्दल कसं बोलायचं ते तिला सुचेना. त्या दिवशी आम्ही तोच विषय घेतला.