१०० सीसीची गाडी वाऱ्यात ६० च्या पुढे पळत नाही, इंजिन गेलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्प्लेंडर आहे, पावसाळा सुरू झाल्यापासून धुळ्याहून साक्रीमार्गे नवापूरकडे जाताना कितीही पिळली तरी ६० च्या पुढे जात नाही, परत येताना तीच गाडी ८५ धरते. मेकॅनिक इंजिन खोलायला सांगतोय. शिरपूरला जाताना तापीच्या पुलावर गाडी आडवी सरकते, भीती वाटते. मग १२५ घ्यावी का?

इंजिन खोलू नका, भाऊ. येताना ८५ धरणारं इंजिन जाताना आजारी पडत नसतं. आमच्याकडचा एखादा जुना मेकॅनिक पाना हातात न घेताच म्हणाला असता, "गाडीले काही व्हयेल नही, हाऊ वारा शे."

मीटर दाखवतं जमिनीवरचा वेग, पण इंजिनाची खरी झुंज असते हवेशी. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही ६० ने चाललात, तर छातीवर येणारी हवा ९० ची असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा नसताना वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो, आणि तो विरोध रेटायला लागणारी ताकद आठपट. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन ८००० आरपीएमवर (मिनिटाला ८००० फेऱ्यांवर) साधारण ८ पीएस, म्हणजे अश्वशक्ती, देतं. सरळ बसलेला माणूस धरून हिशेब केला तर शांत हवेत, सपाट रस्त्यावर ही ताकद ८५ च्या आसपास संपते. त्यात मीटर थोडं पुढेच दाखवतं, कारण खऱ्यापेक्षा कमी दाखवायची त्याला मुभाच नाही. मोबाईलवर जीपीएस लावलात तर तुमचे ८५ बहुधा ८० निघतील.

आता ३० चा वारा समोर आणा. ताकद तेवढीच राहिली असती तर गाडी ६५ ला थांबली असती. पण ती तेवढी राहत नाही. चौथ्या गिअरमध्ये वेग पडला की आरपीएमही पडतो, आणि ८ पीएस मिळतात ते ८००० वर. ६० ला ते इंजिन जेमतेम ६ च्या वर देत असतं. म्हणून ६५ ऐवजी ६० लाच अडकतं. तिसऱ्यात टाकलीत तर दोन-चार किलोमीटर जास्त मिळतील, पण तासभर तसं किंचाळत चालवण्यात काही मजा नाही. मी म्हणेन, मूठ पूर्ण पिळून ६० साठी भांडण्यापेक्षा ५० ला आरामात चला. पेट्रोलही बरंच वाचेल.

शिवाय तुमचा रस्ता. पांझरा साक्रीकडून धुळ्याकडे वाहते, म्हणजे तुम्ही जाताना साक्रीपर्यंत हळूहळू चढत असता. डोळ्यांना तो रस्ता सपाट वाटतो. आणि उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्व-पश्चिम तापीचं खोरं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या खोऱ्यातून सरळ आत घुसतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्यांचा एक उपयोग करून घ्या. चालू पवनचक्कीचं तोंड वारा येतो त्या दिशेला असतं. तुम्हाला तिची पाठ दिसत असेल तर वारा तुमच्या समोरून आहे. पाती कडेने, पट्टीसारखी दिसली तर वारा आडवा. आडवा असेल तर सावध व्हायचं.

कारण समोरचा वारा फक्त वेळ खातो. माणूस पाडतो तो आडवा वारा, आणि तोही एकसारखा वाहणारा नव्हे, अचानक सुरू होणारा किंवा अचानक थांबणारा. आपल्याकडे पूर्व-पश्चिम रस्त्यांवर वारा समोरून नाहीतर पाठीमागून मिळतो. तापी ओलांडणारे रस्ते उत्तर-दक्षिण, म्हणून पुलांवर तो बगलेत बसतो. तापीवरच्या सावळद्याच्या पुलावर शिरपूरकडे जाताना तो डावीकडून येणार हे आधीच ठाऊक असतं. पुलावर चढण्याआधीच वेग कमी करा आणि लेनच्या मधोमध रहा, कठड्याला चिकटून नको. ४० चा आडवा वारा असेल आणि तुम्ही ८० वरून ४० वर आलात, तर बाजूचा रेटा जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. झटका बसून तुम्ही सावरेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं, तर ८० ला तेवढ्यात गाडी २२ मीटर गेलेली असते, ४० ला ११.

हँडल घट्ट आवळू नका. घाबरलं की सगळे हेच करतात, आणि मग अंगाला बसलेला प्रत्येक हेलकावा हातांतून थेट पुढच्या चाकात उतरतो. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल सोडा, थोडं पुढे वाका. वारा डावीकडून असेल तर डाव्या बाजूचं हँडल हलकंसं पुढे रेटा. गाडी डावीकडे कलेल आणि तशीच कललेली सरळ जाईल. तीन-चार अंशांचा कल पुरतो. दिसायला विचित्र, पण बरोबर.

खरा फटका वारा थांबतो तिथे बसतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांना वारा लागू नये म्हणून बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावतात. त्या आडोशाने तुम्ही निवांत चाललेले असता, बाग संपते, उघडं रान लागतं आणि एकदम धक्का. ट्रक ओलांडतानाही तेच: त्याच्या आडोशात तुम्ही वाऱ्याकडे कललेले असता, वारा नसतो, म्हणून गाडी ट्रककडे ओढली जाते, पुढे निघालात की उलट ढकलली जाते. जोराचा आडवा वारा असताना १०० सीसीवर ट्रक ओलांडायचाच नाही, असं मी ठरवून टाकलंय. तेवढी पिकअपच नसते, आणि बाजूला राहण्याचा वेळ नको तेवढा लांबतो.

वारा किती आहे हे झाडं सांगतात. धूळ, कागद उडू लागले की २० ते २८. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शीळ घालतात, छत्री धरवत नाही, तेव्हा ४० ते ५०. इथे गाडी हळू. डहाळ्या मोडून रस्त्यावर पडायला लागल्या की ६० च्या पुढे गेला समजा आणि थांबा. मे-जूनमध्ये केळी आडवी करणारं वादळ येतं तेव्हा दिशा क्षणात फिरते. तेव्हा झाड, फ्लेक्स, पत्र्याची टपरी यांच्याजवळ थांबू नका. पक्कं बांधकाम शोधा.

अंगावर काय आहे तेही बघा. ढगळा रेनकोट वारा भरून गोणीसारखा फुगतो, त्याने वेगही जातो आणि तोलही. रुमालाची टोकं आत खोचा. मागे दुधाच्या कॅन्या किंवा चाऱ्याचा भारा असेल तर वाऱ्याला तेवढं जास्त अंग मिळतं, आणि वजन मागे गेल्याने पुढचं चाक हलकं पडतं.

गाडीत खरंच काही आहे का, याची खात्री फुकटात होते. पहाटे वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर एकदा इकडून, एकदा तिकडून चालवा. दोन्हीकडे ७५-८० मिळाले तर विषय संपला. दोन्हीकडे ६५ च्या आत असेल तर आधी धुळीने चोंदलेला एअर फिल्टर, टायरमधली हवा, साखळी आणि घासणारा मागचा ब्रेक बघायला सांगा. चालवून झाल्यावर मागचा हब हाताला चटका देत असेल तर ब्रेक अडकतोय. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट. इंजिन खोलण्याची पाळी या सगळ्यानंतर.

राहिली १२५. तिथे १०.५ ते ११ पीएस मिळतात, म्हणजे त्याच ३० च्या वाऱ्यात ६० ऐवजी ७० ला जाल. रोज नवापूर करत असाल तर तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. पण सावळद्याच्या पुलासाठी घेत असाल तर पैसे ठेवा. स्प्लेंडर ११२ किलोची, शाईन १२५ सुद्धा ११३-११४ चीच. आडवा वारा दोघींना सारखाच ढकलतो.