सर्टिफिकेट आजचं, गुन्हा मार्चमधला

ताई, असे मेसेज बरेच येतात. तुमचा भाऊ कोल्हापूरच्या कळंबा जेलात, शेजाऱ्यावर कोयता चालवला म्हणून बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागलंय, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू होत्या त्या मधेच बंद केल्या, आणि आता डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं की सुटेल का असं विचारताय.

नुसत्या त्यानं नाही सुटणार. वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला माफी देणारं बीएनएसचं कलम 22, म्हणजे जुन्या आयपीसीचं 84, एवढंच बघतं की कृत्य करताना त्याला कळत होतं का. करताना. तुम्ही जोडलेला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 2002 चा अभ्यास, 62 सर्व्हे, पुरुष कैद्यांत 3.7 टक्के सायकोसिस (स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार), चांगलाच आहे, पण टक्केवारीवर कोर्ट कुणाला सोडत नाही.

मला खटकतोय तो कोयता. तुम्हीच लिहिलंय की त्यानं तो हौदावर धुतला आणि गोठ्याच्या पत्र्यात खोचला. सरकारी वकील तेवढंच धरून बसणार, लपवला म्हणजे कळत होतं. त्याच्यासमोर टिकतील ते घटनेच्या आधीचे आणि लगेच नंतरचे कागद, आणि नेमका तिथंच तुम्ही घोळ घातलाय, बहिणीचं लग्न जमत होतं म्हणून पोलिसांना आजाराचं बोललाच नाही. बापू ऊर्फ गजराज सिंह निकालात 2007 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की तपासात असा आजार पुढं आला तर आरोपीची तपासणी करून घेणं पोलिसांचं काम, नाही केली तर संशयाचा फायदा आरोपीला. पण पुढं यायला कुणी सांगायला नको?

असो. सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असलं तरी दिवाणी दाव्याइतकंच, हे 1964 च्या दह्याभाई ठक्कर निकालापासून ठरलंय. म्हणून केसपेपर पुरात गेला म्हणून रडत बसू नका, भावाच्या सहीचा अर्ज घेऊन ओपीडीच्या नोंदी मागा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 25 तो हक्क देतं. जेलच्या डॉक्टरलाही लेखी कळवा.

आज त्याला कोर्टात काय चाललंय तेच समजत नसेल तर गोष्ट वेगळी, मग बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) 367-368 खाली अर्ज करा. कोर्टाला तसं आढळलं आणि ॲडमिट ठेवायची गरज नसली तर 369 खाली अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन होतो. तारखा किती पडतील देव जाणे. इथं नाकारला तर हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच आहे, मुंबई गाठायला नको.

फक्त 369 मध्ये नातेवाइकानं हमी द्यावी लागते, ओपीडीत नियमित उपचार करू आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही हे बघू अशी. सही तुमची असणार. तेव्हा रोज गोळी कोण देणार ते घरात आधी ठरवा, मागच्या वेळी कुणी बंद केल्या हे कोर्टात विचारतील.