लागण, संसर्ग आणि नाकातली वस्ती

प्रश्न असा आहे: जिवाणूंमुळे श्वसनमार्गाचे आजार कसे होतात, यावर काम करणाऱ्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या संशोधनाची मराठीत ओळख करून द्यायची आहे. मूळ मजकुरात ‘कॉलनायझेशन’ (जिवाणूंनी शरीरात नुसते येऊन राहणे), ‘इन्फेक्शन’ आणि ‘डिसीज’ हे तीन शब्द एकाच वाक्यात, मुद्दाम वेगळे काढून आले आहेत. मराठी करताना तिन्ही ठिकाणी ‘संसर्ग’च येतो आणि वाक्याचा अर्थच नाहीसा होतो. शिवाय ‘संक्रमण’ चालेल का, हा उपप्रश्न.

उपप्रश्न आधी निकालात काढू. संक्रमण म्हणजे इकडून तिकडे जाणे. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ते संक्रमण, समाज एका अवस्थेतून दुसरीत जातो तो संक्रमणकाळ. आजाराच्या अर्थाने हा शब्द आपल्याकडे अलीकडे फोफावला तो हिंदी बातम्यांमुळे. पण त्याला सरसकट परका ठरवणेही बरोबर नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र झोपणे-बसणे, दुसऱ्याची वस्त्रे वापरणे अशी यादी देऊन कुष्ठ, ज्वर, शोष वगैरे रोग ‘सङ्क्रामन्ति नरान्नरम्’ म्हटले आहे. म्हणजे माणसाकडून माणसाकडे जातात. यादीत श्वास आहे आणि शोषही (म्हणजे क्षय) आहे, हे तुमच्या विषयाच्या दृष्टीने फारच छान! पण पाहा, तिथेही क्रियापद रोगाच्या प्रवासाचे आहे, शरीरात पोचल्यावर काय घडते त्याचे नाही. म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे पसरण्यासाठी संक्रमण चालेल, ‘इन्फेक्शन’साठी मी वापरणार नाही.

‘संसर्ग’ची अडचण वेगळी. त्याचा मूळ अर्थ संबंध, संगत. ‘संसर्गजा दोषगुणा भवन्ति’ या वचनात दोषांबरोबर गुणही आहेत. शब्द तटस्थ आहे. दोघे एकत्र आले एवढेच तो सांगतो. एरवी हा ढिलेपणा सोयीचा असतो, तुमच्या वाक्यात तोच नडतो.

आता ‘लागण’. हा शब्द मला या सगळ्यांत उजवा वाटतो, कारण त्याच्यामागे ‘लागणे’ हे मराठीतले बहुधा सर्वांत कष्टाळू क्रियापद उभे आहे. हात लागतो म्हणजे स्पर्श होतो. कपड्याला रंग लागतो म्हणजे चिकटतो. कलम लागले म्हणजे जीव धरून वाढू लागले. स्पर्श, चिकटणे, रुजणे: जिवाणूंच्या अभ्यासकाला याच क्रमाने बोलावे लागते. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात, त्या चिकट स्राव सतत घशाकडे ढकलत असतात. ज्या जिवाणूला चिकटता येत नाही तो या सरकत्या पट्ट्यावरून बाहेर जातो. डांग्या खोकल्याचा जिवाणू, बोर्डेटेला पर्टुसिस, नेमका या पक्ष्माभिकांनाच धरून बसतो आणि त्याच्या विषाने त्या पेशी मरतात. मग स्राव वर सरकवायला खोकल्याशिवाय दुसरे साधन उरत नाही.

‘वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण इथे आठवल्यावाचून राहत नाही. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचा निरुपद्रवी, आवरण नसलेला प्रकार आणि उष्णतेने मारलेला घातक प्रकार एकत्र करून उंदरांना टोचला. उंदीर मेले आणि त्यांच्या शरीरात जिवंत, आवरण असलेले जिवाणू सापडले. मेलेल्या ढवळ्याशेजारी जिवंत पवळा बांधला, तर गुणच काय, वाणही लागला आणि तो पुढच्या पिढ्यांत उतरला! हे घडवणारा पदार्थ डीएनए आहे, हे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी 1944 मध्ये दाखवले. असो, मूळ मुद्द्याकडे वळतो.

‘कॉलनायझेशन’साठी काही लेखांत ‘वसाहतीकरण’ वाचले आहे. ते वाचताना न्यूमोकोकस नाकात झेंडा रोवून करवसुली करतोय असे चित्र उभे राहते. ‘वसाहत’ही नको, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत एका पेशीपासून वाढून दिसू लागणाऱ्या ठिपक्यासाठी तो शब्द आधीच राखीव आहे. मी ‘वस्ती’ सुचवेन. ‘वस्तीला येणे’ यात मुक्कामाचा, तात्पुरतेपणाचा अर्थ आहे आणि तो इथे चपखल बसतो. न्यूमोकोकस अनेक निरोगी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाच्या मागच्या भागात काही आठवडे किंवा महिने राहतो आणि बहुतेक वेळा काहीही न बिघडवता निघून जातो. तोच फुप्फुसात किंवा रक्तात उतरला, की भाषा बदलावी लागते.

लागण आणि आजार यांच्यातला फरक दाखवायला क्षयासारखे उदाहरण नाही. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जिवाणू 1882 मध्ये जाहीर केला. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना त्याची लागण झालेली असावी असा अंदाज आहे. त्यांपैकी जन्मभरात आजारी पडतात ते 5 ते 10 टक्के. बाकीच्यांना क्षयरोगी म्हणणे चूक, ‘संसर्ग झालाय’ म्हणणे संदिग्ध. ‘सुप्त लागण’ म्हटले की नेमके कळते. लागण म्हणजे आजारीच, असे पूर्वी ऐकणाऱ्याला वाटे खरे; पण करोनाच्या काळात ‘लागण झाली, लक्षणे नाहीत’ हे घरोघरी बोलले गेले आणि ती अडचण बरीच कमी झाली.

एक मात्र सांभाळा. लागण ‘होते’, ती कोणी ‘करत’ नाही. ‘जिवाणू पेशींना संसर्गित करतात’ हे मराठी नव्हे. जिवाणू प्रत्यक्षात काय करतो ते क्रियापद घ्या: चिकटतो, आत शिरतो, विष सोडतो, पेशीच्या आवरणाला भोके पाडतो. वाक्य आपोआप सुधारते.

जाता जाता दोन खड्डे दाखवतो. ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’चे ‘फ्लूचा जिवाणू’ करू नका. रिचर्ड फायफर यांनी 1892 मध्ये त्याला फ्लूचे कारण मानले, ते चुकीचे निघाले. माणसातल्या फ्लूचा विषाणू 1933 मध्ये सापडला, पण जिवाणूचे नाव तसेच राहिले. दुसरा खड्डा ‘घटसर्प’. माणसातला घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, गुराढोरांतला घटसर्प म्हणजे वेगळ्याच जिवाणूचा, पाश्चुरेला मल्टोसिडाचा, आजार. शब्द एकच, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘माणसातला’ असे लिहाच. या माणसातल्या घटसर्पाच्या जिवाणूची आणखी एक गंमत आहे. विष तयार करण्याचे जनुक त्याचे स्वतःचे नसते, एका विषाणूने आणलेले असते. म्हणजे जिवाणूलाच लागण! ‘विषाणू’ हे नाव इतके शब्दशः खरे ठरलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

शीर्षकात ‘श्वसनमार्गाचा संसर्ग’ खुशाल ठेवा, तिथे ढिला शब्दच हवा. आतले ते अडलेले वाक्य मात्र मी असे लिहीन: ‘जिवाणूंनी वस्ती केली म्हणजे लागण झाली असे नाही, आणि लागण झाली म्हणजे माणूस आजारी पडेलच असेही नाही.’