एका वेळी एकच

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पिशवीतून काढून माझ्यासमोर मांडलेल्या बाटल्यांमध्ये तीन सीरम होती आणि तिन्ही तू एकाच आठवड्यात लावायला घेतलीस. आता कपाळावरची आग कशामुळे होते आहे, हे तुलाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. म्हणून यापुढे एका वेळी एकच नवी वस्तू. ती किमान सहा आठवडे लावून पाहायची आणि मगच दुसरीचे नाव काढायचे. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. तुला मात्र चार दिवसांत फरक हवा असतो.

सध्या तिन्ही सीरम बंद. दोन वेळा सौम्य फेसवॉश, त्यावर बिनवासाचे हलके मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढेच ठेव. मुरुमे आहेत म्हणून मॉइश्चरायझर टाळू नकोस. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि त्या कोरड्या हवेत तेलकट चेहराही धुतल्यावर ओढल्यासारखा होतो. सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा बाटलीवरचा आकडा) 30 चे पुरे, कारण ते उन्हातल्या, कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवते आणि 50 चे सुमारे 98 टक्के. पण हे आकडे भरपूर लावले तरच खरे. तर्जनी आणि मधले बोट यांवर भरून काढलेल्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला लागतात. तू दाखवलास तो वाटाण्याएवढा थेंब नाकालाही पुरणार नाही. स्कूटीवर तोंडाला गुंडाळतेस तो स्कार्फ रोज धूत जा.

मुरुमे घासून जात नाहीत. वयात येताना तैलग्रंथी जास्त काम करू लागतात, तेल आणि मृत पेशी छिद्रात अडकतात आणि तिथे सूज येते. यात मळाचा दोष नाही. लिंबू चोळून उन्हात गेलीस तर काळे डाग पडतील आणि टूथपेस्टने कातडी भाजेल. पुढे काही लावायचेच झाले तर 2.5 टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरुमांवरचे मलम, रात्री, पातळ. आणि उशीला पांढरा अभ्रा घाल, कारण रंगीत अभ्र्याचा रंग ते उडवते. तेही एकच, सोबत दुसरे काही नाही.

गॅदरिंगसाठी फाउंडेशनचा हट्ट सोड. डागापुरते कन्सीलर बोटाने थापायचे, काजळ आणि लिप बाम, झाले. कन्सीलरची शेड जबड्याच्या कडेला लावून सीताबर्डीच्या दुकानाबाहेर उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नव्हे. दोन शेड उजळ घेऊ नकोस. काजळ मैत्रिणीला देऊ नकोस, तिचे घेऊ नकोस आणि कितीही उशीर झाला तरी चेहरा धुतल्याशिवाय झोपू नकोस.

मी शाळकरी मुलींचे ब्लीच करत नाही, म्हणून घरचे मला हट्टी म्हणतात. दाराशी आलेली लक्ष्मी परत पाठवते म्हणतात. मागच्या गल्लीत नवे पार्लर निघाले तेव्हा कितीतरी आया मुलींना घेऊन तिकडे वळल्या. वळू देत. लग्नसराईत त्यांच्यापैकीच काहीजणी सोललेल्या गालांच्या मुलींना घेऊन माझ्याकडे येतात आणि मेकअप का बसत नाही, असे मलाच विचारतात. धंदा बुडाला असता तरी मी हेच केले असते, आणि तो बुडालेला नाही, हेही लक्षात घे.

राग आला तो मात्र मैत्रिणीच्या ताईने सांगितलेल्या त्या ट्यूबचा. तिच्यावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही नावे छापलेली आहेत. पहिले स्टिरॉइड आहे, म्हणजे सूज दाबणारे जोरदार औषध. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरुमे वाढतात, आणि ट्यूब बंद केली की आग अधिकच होते, म्हणून मुली ती सोडत नाहीत. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी तुला ती सहज मिळाली. इथे माझे नियम चालणार नाहीत. ती ट्यूब कशी सोडवायची ते डॉक्टरच ठरवतील, तेव्हा आईला घेऊन सकाळीच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या त्वचारोग ओपीडीत जा. ट्यूब सोबत ने, खोकाही ने, आणि किती दिवस लावलीस ते खरे सांग.

तुझी,
पार्लरवाली मावशी